यामाझातो : ॲम्स्टरडॅमच्या ओकुरा हॉटेलातील जपानी जेवण

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींत कोणी जपानी खाण्याचा विषय काढला, की गाडी बहुधा सुशीवर जाऊन थांबते. ठरावीक पैशांत पोटभर सुशी देणारी ठिकाणे इथे ठिकठिकाणी आहेत, आणि ॲम्स्टलव्हेनसारख्या गावात, जिथे जपानी कुटुंबांची वस्ती कित्येक दशकांची आहे आणि अलीकडे आपल्या लोकांचीही झाली आहे, जपानी वाणसामानही सहज मिळते. मात्र अनेक पदार्थांचे, ठरलेल्या क्रमाने येणारे काइसेकी जेवण, जे जपानमध्ये स्वयंपाकाचा सर्वांत मानाचा प्रकार समजले जाते, ते जेवायचे असेल तर ॲम्स्टरडॅममध्ये एक पत्ता जुना आणि खात्रीचा आहे. तो म्हणजे ओकुरा हॉटेलातील यामाझातो. माझे मत आधीच सांगून टाकतो. येथे सुशीसाठी जाण्याचे कारण नाही; येथे जावे ते वाटीभर सुपासाठी, आणि त्या सुपावर उभ्या असलेल्या बाकीच्या जेवणासाठी.

ओकुरा हे मूळचे तोक्योचे हॉटेल, १९६२ साली सुरू झालेले. ॲम्स्टरडॅमची शाखा १९७१ साली उघडली. दे पाइप या वस्तीच्या दक्षिण टोकाला, कालव्याच्या काठावर ही तेवीस मजली इमारत आहे. तिच्या माथ्यावरचे दिवे हवामानाचा अंदाज सांगतात : निळे असले तर हवा चांगली, हिरवे असले तर वाईट आणि पांढरे असले तर बेभरवशाची. आम्ही गेलो त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी ते हिरवे होते, आणि या देशात राहणाऱ्याला त्याचे नवल वाटू नये. हॉटेलात फ्रेंच धाटणीचे एक आणि तापलेल्या लोखंडी पत्र्यावर समोर शिजवून देणारे एक, अशी आणखी नावाजलेली रेस्टॉरंटे आहेत. यामाझातो मात्र हॉटेलाइतकेच जुने. २००२ साली त्याला मिशलिन या फ्रेंच भोजनमार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळाला, आणि युरोपातील पारंपरिक जपानी रेस्टॉरंटला मिळालेला तो पहिला तारा होता. त्या वेळी तिथल्या स्वयंपाकघराची सूत्रे आकिरा ओशिमा यांच्याकडे होती.

आत शिरल्यावर पंचतारांकित हॉटेलातला नेहमीचा झगमगाट दिसत नाही. फिकट लाकूड, सरळ रेषा, बाहेर लहानशी जपानी बाग आणि पाणी. किमोनो नेसलेल्या परिचारिका वाढायला असतात. बसताच हात पुसायला ऊन रुमाल मिळतो आणि मग बराच वेळ कोणी घाई करत नाही. आवाज इतके हलके, की आपल्याकडचे चौघे जण गप्पांच्या ओघात थोडे चढले तर त्यांचे त्यांनाच जाणवते. लहान मुलांना घेऊन जाण्याची ही जागा नाही, असे मी स्पष्टच म्हणेन; मुलांचीही त्यात चूक नाही, कारण अडीच-तीन तास एका जागी बसून वाटीतल्या पानाचा रंग पाहत राहावे अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणेच गैर.

काइसेकीची जडणघडण समजली नाही तर या जेवणावर अन्याय होतो. जपानी चहासमारंभात चहाच्या आधी दिल्या जाणाऱ्या मोजक्या, साध्या खाण्यापासून ही परंपरा सुरू झाली आणि पुढे मेजवानीच्या अंगाने वाढली. २०१३ साली युनेस्कोने जपानी पारंपरिक भोजनसंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यात ऋतूशी असलेले नाते हा एक मुख्य मुद्दा होता. पदार्थांची नावे बदलतात, पण पद्धती ठरलेल्या असतात : आधी लहानसा प्रारंभिक घास, मग पारदर्शक सूप, कच्चा मासा, भाजलेले, उकडून मुरवलेले, तळलेले, आंबट, आणि सर्वांत शेवटी भात. म्हणजे एकाच जेवणात आचारी आपल्या हातातली प्रत्येक विद्या एकेकदा दाखवतो आणि कोणतीही दोनदा दाखवत नाही. जेवणाची यादी आपण निवडायची नसते. किती पदार्थांचे जेवण हवे एवढेच ठरवायचे, आणि ऋतूप्रमाणे ते बदलत असल्यामुळे आम्ही खाल्लेले पदार्थ वसंतात जाणाऱ्याला मिळणार नाहीत.

प्रारंभीच्या घासांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पालेभाजी, तीळ, मुरवलेला मासा यांचे दोन-दोन घास, भांडी मात्र प्रत्येकाची निराळी. खरी सुरुवात झाली ती दोबिनमुशीने, आणि येथे थोडे थांबले पाहिजे.

दोबिनमुशी म्हणजे मातीच्या छोट्या किटलीत शिजवलेले सूप. किटलीच्या झाकणावर बशीएवढी उथळ वाटी पालथी घातलेली असते आणि तिच्यावर लिंबाच्या जातीच्या फळाची फोड. शरद ऋतूतच हे मिळते, कारण त्यातला मुख्य ऐवज मात्सुताके नावाची अळंबी असते. ही अळंबी पाइनच्या मुळांशी जोडीने वाढते, तिची शेती अद्याप कोणाला साधलेली नाही, आणि जपानमध्ये तिचे पीक घटल्यापासून ती चीन, कोरिया, उत्तर अमेरिका, इतकेच काय भूतानमधूनही तिकडे जाते. आधी झाकण न उघडता वाटीत थोडे सूप ओतून घ्यायचे आणि नुसते प्यायचे. मग झाकण उचलून फोड आत पिळायची, पुन्हा झाकायचे आणि पुन्हा ओतायचे. पहिल्या वाटीला पावसात भिजलेल्या लाकडाचा आणि किंचित दालचिनीचा वास येतो; दुसऱ्या वाटीत तोच वास लिंबाच्या सालीच्या तेलाआड जातो आणि कोळंबीची गोडी वर येते. सूप संपत आले की किटलीतली अळंबी, कोळंबी, कोंबडीचा तुकडा आणि गिंको झाडाची पिवळसर बी काड्यांनी काढून खायची. बी चावल्यावर किंचित कडवट लागते आणि मागचा सगळा गोडवा पुसून तोंड पुन्हा कोरे होते. एका किटलीत चार वेगवेगळ्या चवी, आणि त्यात तेलाचा थेंब नाही, मिरची नाही, फोडणी नाही.

रत्नागिरीहून आमच्याकडे आलेल्या, पत्नीच्या मावशी आमच्याबरोबर होत्या. माशांच्या बाबतीत त्यांची मते ठाम असतात. पहिली वाटी पिऊन त्यांनी विचारले, “यात मासा कुठे दिसत नाही, पण माशाची चव कशी काय आली?” हा प्रश्न अगदी नेमका आहे, कारण जपानी स्वयंपाकाचे मर्म तिथेच आहे.

ही चव दाशीची. कोम्बू नावाचे वाळवलेले समुद्री शेवाळ पाण्यात हळूहळू तापवायचे, पाणी उकळण्याआधी ते काढून घ्यायचे, मग कात्सुओबुशीच्या पातळ कापट्या घालून थोड्याच वेळात गाळून घ्यायचे. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, महिनोन्महिने वाळवून लाकडासारखा कडक केलेला. उत्तम प्रतीच्या माशावर बुरशीही चढवतात. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूमधल्या चवीचे मूळ ग्लुटामेटमध्ये असल्याचे दाखवले. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतला इनोसिनेट शोधला. दोन्ही द्रव्ये एकत्र आली की चव नुसती दोहोंच्या बेरजेइतकी राहत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून एवढे पातळ, चहासारखे दिसणारे पाणी तोंडात भरीव लागते.

युरोपात ही दाशी जमवणे वाटते तितके सोपे नाही. जपानचे पाणी बहुतांशी मृदू, तर युरोपातल्या अनेक शहरांत पाण्यात चुन्याचे प्रमाण जास्त, आणि अशा पाण्यात कोम्बूचा अर्क नीट उतरत नाही. दुसरी अडचण कायद्याची. धुरी दिलेल्या अन्नात येणाऱ्या काही कर्करोगकारक द्रव्यांवर युरोपीय संघाची कडक मर्यादा आहे, आणि पारंपरिक पद्धतीने बनवलेली जपानी कात्सुओबुशी तिच्यात सहसा बसत नाही. यातून वाट काढण्यासाठी जपानी उत्पादकांनी फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर कोंकार्नो येथे कारखानाच काढला. हे सगळे ठाऊक असल्यावर ॲम्स्टरडॅममध्ये बसून असे स्वच्छ, धुराचा दर्प न येणारे सूप समोर येते तेव्हा त्याची किंमत अधिक कळते. आमच्या जेवणात दाशी पुढे तीन पदार्थांतून पुन्हा आली, प्रत्येक वेळी निराळ्या ताकदीची, आणि एकदाही कंटाळवाणी झाली नाही.

कच्च्या माशाचे ताट आले तेव्हा मावशींनी हात आखडता घेतला, ते स्वाभाविक होते. आपल्याकडचे बरेच पाहुणे इथे अडखळतात, म्हणून सांगतो की कच्चा खायचा मासा आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवलेला असावा असा युरोपीय संघाचा सर्वसाधारण नियम आहे. काही संवर्धित माशांना त्यातून सूट मिळते. डच लोक स्वतःही कच्चे हेरिंग कांद्याबरोबर आवडीने खातात, आणि अनिसाकिस या कृमीचा त्रास लक्षात आल्यावर ते गोठवण्याची सक्ती येथे १९६८ पासून आहे. तेव्हा भीतीचे कारण उरत नाही. आवडीचा प्रश्न निराळा. टूना आणि उत्तर समुद्रातला एक चपटा पांढरा मासा, असे दोन प्रकार होते. टूना मऊ आणि रक्तवर्णी. चपटा मासा इतका पातळ कापलेला, की ताटलीवरची निळी नक्षी त्यातून दिसत होती. जाड कापला असता तर तो चिवट लागला असता; इथे सुरीच स्वयंपाक करते. वसाबी खरी, मुळी किसून केलेली होती, आणि तिचा तिखटपणा नाकात चढून क्षणात ओसरतो, मागे थोडी गोडी राहते. सुशीच्या स्वस्त दुकानांत मिळणारा हिरवा गोळा बहुतेक वेळा एका निराळ्याच युरोपीय मुळ्याला रंग देऊन केलेला असतो. वसाबी सोया सॉसमध्ये कालवू नये, माशाच्या तुकड्यावर ठेवून खावी. किसल्यापासून थोड्याच वेळात तिचा वास उडतो, म्हणून गप्पा मारत ती तशीच ठेवण्यातही अर्थ नाही.

भाजलेल्या पदार्थात काळा कॉड होता, क्योतोच्या गोडसर पांढऱ्या मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात, मुरवलेला. हा पदार्थ आता जगभर इतका पसरला आहे, की मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतही तो सापडतो आणि बहुतेक ठिकाणी त्याची मिठाई करून ठेवलेली असते. इथे तसे नव्हते. कडा जिथे मिसोतली साखर करपून काळपट होते तिथे कडूपणाची रेघ होती, आत मासा पाकळ्या-पाकळ्यांनी सुटत होता, आणि बाजूला आल्याचा गुलाबी, आंबवलेला कोंब. मावशींनी हा तुकडा मात्र काट्यासह निरखून पाहिला आणि काही न बोलता संपवला.

त्यानंतरच्या वाडग्याने आम्हा सर्वांनाच चकित केले. दाशीत सावकाश मुरवलेला मुळा, गाजर आणि सातोइमो. सातोइमो तोंडात घालताच मावशी म्हणाल्या, “अगं, ह्या अळकुड्याच की!” आणि त्यांचे बरोबर होते, ही आपल्या अळूच्याच जातीची कंदमुळे. फरक एवढाच, की येथे प्रत्येक कंद सहा पैलू पाडून सोलला होता, तिन्ही भाज्या आधी वेगवेगळ्या शिजवून मग एकत्र मांडल्या होत्या आणि एकीचा रंग दुसरीला लागला नव्हता. वाटीत वरून भुरभुरलेल्या युझू या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचा वास होता. मासे आणि गोमांस यांची महती सांगणाऱ्यांना या पदार्थाचे महत्त्व चटकन जाणवत नाही, पण माझ्या मते आचाऱ्याची परीक्षा मुळ्यात होते. मुळा आरपार मऊ हवा, कडा शाबूत हव्यात आणि मध्यभागापर्यंत रस पोहोचलेला हवा. तो तसा होता.

तेम्पुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेला पदार्थ, हलका आणि कोरडा होता, त्याविषयी अधिक काही नाही.

भात शेवटी येतो, हे आपल्या माणसाला चमत्कारिक वाटते. आपल्या पंगतीत पानावर पहिली मूद वरणभाताची पडते आणि तिच्यावरून जेवणाची लय ठरते. इथे इतके सगळे खाऊन झाल्यावर वाटीभर भात, मिसोचे सूप आणि लोणचे येते. यामागचा विचार मला पटतो. भाताआधी साके, म्हणजे तांदळाचे मद्य, पिण्याची जपानी रीत आहे, आणि भात आला म्हणजे पिणे संपले, आता पोटाला आधार द्यायचा, असा त्याचा संकेत असतो. भाताचा दाणा आखूड, चिकट आणि तरीही सुटा दिसणारा. लोणची आंबवलेल्या भाज्यांची, मिठाची. मिसोचे सूप लालसर, उग्र, आधीच्या नाजूक सुपापेक्षा अगदी वेगळ्या वळणाचे. मावशींनी संपूर्ण जेवणावर जे मत दिले ते भातावरून : “भात ज्याने शिजवला त्याला तांदूळ कळतो.” इतर पदार्थांबद्दल त्या घरी पोहोचेपर्यंत काही बोलल्या नाहीत, हेही नमूद करायला हवे.

गोड पदार्थाकडून फार अपेक्षा ठेवू नये. फळ, हिरव्या चहाचे आइस्क्रीम, एवढेच. जपानी जेवणाचा शेवट सौम्य असतो आणि पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला तो अपुरा वाटणार. त्यानंतर आलेला होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा तांबूस चहा, मला त्याहून अधिक समाधानकारक वाटला.

आता शाकाहारी मंडळींसाठी काही गोष्टी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे गैरसमज हमखास होतो. जपानी ताटात भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी आहे असे समजू नये. मुळा, पालक, वांगे, टोफू, अंड्याचे कस्टर्ड, इतकेच काय तेम्पुराबरोबरचे बुडवण्याचे पाणीही दाशीवर बेतलेले असते, आणि दाशीत मासा असतो. कोम्बू आणि वाळवलेली शिताके अळंबी यांच्यापासून बनवलेली निव्वळ शाकाहारी दाशी बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात शतकानुशतके वापरली जाते, पण ती आयत्या वेळी मागून मिळणारी वस्तू नव्हे, कारण सूप, भाज्या आणि सॉस सगळे त्यासाठी वेगळे करावे लागतात. म्हणून आरक्षण करतानाच, ‘मांस नको’ एवढेच न म्हणता, मासा, माशाचा अर्क आणि वाळवलेल्या माशाच्या कापट्याही नकोत असे शब्दशः लिहून विचारावे आणि होकार लेखी घ्यावा. मद्य वर्ज्य असेल तर मिरीन हे तांदळाचे गोड मद्य आणि साके स्वयंपाकातही असतात हे ध्यानात ठेवावे. गोमांस न खाणाऱ्यांनीही आधीच सांगावे. मोठ्या जेवणात वाग्यू, म्हणजे जपानी गोमांस, असण्याची शक्यता असते. जैन पथ्य पाळणाऱ्यांना मी हे ठिकाण सुचवणार नाही. सातोइमो, मुळा, आले, गाजर काढून टाकले तर या स्वयंपाकाचा पायाच काढल्यासारखे होते.

सोबत काय प्यावे याबद्दल थोडक्यात. साकेची यादी मोठी आहे आणि किमती पंचतारांकित हॉटेलात असतात तशा चढ्या. तांदळाचा दाणा निम्म्यापर्यंत किंवा त्याहून अधिक घासून केलेली दाइगिंजो ही सर्वांत महाग आणि सुवासिक प्रत, पण जेवणभर तीच पीत राहिले तर फळांसारखा तिचा वास दाशीवर मात करतो. नुसत्या तांदळाची, कमी घासलेली जुनमाई साके भाजलेल्या माशाशी अधिक जुळते आणि खिशालाही कमी जड जाते. न पिणाऱ्यांनी सरळ हिरवा चहा मागवावा.

जेवण स्वस्त नाही. पूर्ण काइसेकी दरडोई शंभर युरोंच्या बऱ्याच वर जाते आणि पेये धरली की आकडा आणखी चढतो. एक दिलासा असा, की नेदरलँड्समध्ये यादीवर छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो, म्हणून मुंबईच्या हॉटेलात १८ टक्के जीएसटी खाली जोडून येतो तसा धक्का बिलाच्या वेळी बसत नाही. बक्षिसी ऐच्छिक आहे. पोट भरण्याच्या हिशेबाने पैसे मोजणाऱ्याला हे जेवण महागच पडेल, आणि ज्याला झणझणीत चव नसेल तर जेवल्यासारखे वाटत नाही त्याने हट्टाने जाऊ नये. रस्सा आणि सार यांतला फरक ज्याला जिभेवर कळतो, पातळ सारात कोकम थोडे जास्त झाले हे जो एका भुरक्यात सांगतो, त्याला मात्र येथे बरेच काही सापडेल.

जाण्यासाठी शरद ऋतू निवडावा, दोबिनमुशीसाठी. मात्सुताकेचा हंगाम लहान असल्याने ते त्या आठवड्यात आहे की नाही, हे आरक्षणाच्या वेळी विचारून घ्यावे. बागेच्या बाजूचे मेज आवर्जून मागावे. मेट्रोच्या ५२ क्रमांकाच्या मार्गावरील दे पाइप स्थानकापासून हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि जेवण तीन तासांच्या आत संपणार नाही असे धरूनच परतीच्या गाडीची वेळ पाहावी.